शाळेचे ताट आणि गावचे शेत

(दर्यापूर येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाने ह्या संमेलनात चार शब्द बोलावयास मला पाचारण केले, ह्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. अशा प्रसंगी व्याख्यात्याने समाजाच्या पूर्वपरंपरेचा गौरव करावा, गुणवंत विद्यार्थ्यांस उपदेश करावा आणि खाली बसावे, असा प्रघात आहे. तो प्रघात वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु आज मी आपला वेळ एका साध्या, चुलीजवळच्या विषयासाठी मागणार आहे. आपल्या गावच्या शाळेत दुपारी मुलांच्या ताटात जे अन्न पडते त्यात आपल्या गावच्या शेतातले किती असते, आणि ते अधिक असावे म्हणून अर्ज कोणी, कोणाकडे व कसा करावयाचा, हा तो विषय होय.

प्रथम हे ताट शाळेत आले कसे, ते थोडक्यात पाहू. मद्रास शहराच्या महापालिकेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आपल्या शाळांतून मुलांस दुपारचे अन्न देऊन पाहिले होते. पुढे १९५६ साली कामराज ह्यांनी तो प्रयोग मद्रास राज्यभर नेला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने देशभरातील प्राथमिक शाळांसाठी पोषणाची योजना सुरू केली. त्या वेळी आपल्याकडे शिजविलेले अन्न मिळत नसे. ज्या मुलाची हजेरी शेकडा ८० असेल त्याच्या घरी महिन्याला ३ किलो तांदूळ जात असे. तो तांदूळ घरच्या हंड्यात पडे आणि ज्याच्यासाठी आला त्याच्या वाट्याला किती येई, हे त्या घरालाच ठाऊक. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, मुलांस कोरडे धान्य न देता शाळेतच शिजविलेले अन्न वाढावे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे दुपारचे जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झाले. २०२१ पासून ह्याच योजनेस प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे नाव आहे. खर्चाचा ६० टक्के भार केंद्र आणि ४० टक्के भार राज्य उचलते.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, शाळेतील जेवण ही कोणाची मेहेरबानी नव्हे. पहिली ते आठवीच्या मुलांचा तो हक्क आहे आणि हक्काच्या वस्तूत सुधारणा मागताना मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

आता ताटाकडे वळू. प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलास ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण कायद्याने ठरलेले आहे. हा आकडा कसा भरतो ते पाहण्यासारखे आहे. लहान मुलासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा शिधा आहे. तांदळातून सुमारे ३४५ कॅलरी मिळतात, डाळीतून सुमारे ७० आणि तेलातून ४५. बेरीज ४५० च्या थोडी वर जाते. कागदावर हिशेब चोख आहे. परंतु ह्या ताटाचा तीनचतुर्थांश भार एकट्या तांदळावर आहे, आणि तांदूळ हे काही आपल्या मातीचे पीक नव्हे.

आपल्या आजोबांच्या काळी दर्यापुरात कोणाला विचारले असते की, बाबा, तुमच्या शेतात काय पिकते, तर त्यांनी कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस अशी नावे सांगितली असती. भात हा सणाचा किंवा आजारपणाचा. रोजची ती भाकर. १०० ग्रॅम ज्वारीत तांदळाइतक्याच, म्हणजे सुमारे ३५० कॅलरी असून प्रथिने मात्र १० ग्रॅमच्या आसपास आहेत, म्हणजे पांढऱ्या तांदळाहून अधिक. लोह आणि चोथाही तिच्यात जास्त. ज्वारीच्या प्रथिनात एक उणीव आहे खरी, परंतु ती डाळीने भरून निघते. आपल्या आजींनी भाकरीशेजारी वरण किंवा मुगाची उसळ ठेवली ती पुस्तक वाचून ठेवली नव्हती, तरी शास्त्र तेच सांगते.

मग ही ज्वारी शाळेत का येत नाही? ह्याचे उत्तर पुरवठ्याच्या पद्धतीत आहे. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो आणि शाळेस तो मोफत पडतो. डाळी, तेल, मसाला हे जिन्नस ठरलेल्या पुरवठादाराकडून येतात. ह्या दोन्हींत गावच्या शेतकऱ्याला शिरकाव नाही. पाककृतीही राज्य शासनाच्या आदेशाने ठरतात, त्यामुळे मुख्याध्यापकाच्या मनात आले म्हणून उद्यापासून ज्वारी शिजविता येत नाही.

तथापि तीन दारे उघडी आहेत, आणि आपल्यापैकी पुष्कळांस ती ठाऊक नाहीत.

पहिले दार भाजीचे. भाजीपाला आणि इंधन ह्यांची खरेदी गावपातळीवरच होते. १ मे २०२५ पासून प्राथमिक वर्गासाठी दर मुलामागे दररोज ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे असा साहित्याचा दर ठरला. डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन हे सारे त्यातच बसवावयाचे असते. ८० मुलांच्या प्राथमिक शाळेस दिवसाला सगळे मिळून सुमारे ५४२ रुपये झाले. भाजीचा वाटा त्यातून काढावयाचा. वाटा लहान आहे, पण ती भाजी गावातून घ्यावयाची की बाजारातून आणावयाची, हे गावाच्या हातात आहे.

दुसरे दार परसबागेचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने शाळाशाळांतून पोषणबाग लावण्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. योजनेच्या वार्षिक आराखड्यातील ५ टक्क्यांपर्यंतची रक्कम नव्या उपक्रमांकडे वळविण्याची राज्यांस मुभा मिळाली, आणि त्यातून एका बागेस सरासरी ५,००० रुपये देण्याची सोय झाली. २०२२ साली त्याच खात्याने राज्यांस कळविले की, ज्या जिल्ह्यांत भरडधान्य खाण्याची रीत आहे तेथे ते आठवड्यातून एकदा मुलांस देता येईल काय, हे पाहावे. आपल्या अमरावती-अकोल्याहून ह्या वाक्याला अधिक लागू पडणारा मुलूख कोणता?

तिसरे दार लोकसहभागाचे. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नकार्य अशा निमित्ताने गावकऱ्यांनी शाळेतील मुलांस जेवण किंवा एखादा पदार्थ द्यावा, अशी मुभा ह्या योजनेत आहे. गुजरातेत त्यास तिथिभोजन म्हणतात, आपल्या राज्यात स्नेहभोजन. हे दार आपणांस सर्वांत जवळचे वाटते, कारण अन्नदान आपल्या रक्तात आहे. परंतु एका दिवसाच्या बुंदीने वर्षाचे पोषण होत नाही, हे ध्यानात ठेवावे. स्नेहभोजनाने शाळेशी स्नेह जुळतो. तो जुळला म्हणजे पहिल्या दोन दारांकडे वळावे, असे माझे सांगणे आहे.

आता दर्यापूरची म्हणून जी अडचण आहे तिच्याकडे येतो. आपला तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बसतो. जमीन काळी, कसदार आणि खोल, परंतु विहिरीचे पाणी खारट. ते पाणी पिकाला दिले की चांगली माती बिघडते, तिचा निचरा बंद होतो आणि वर पांढरा थर धरतो. म्हणूनच येथील शेती पावसावर आणि पावसाने जमिनीत मुरविलेल्या ओलीवर चालते. मुगानंतर त्याच ओलीवर हरभरा घेणे ही आपली जुनी विद्या. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ साली हवामान-अनुकूल शेतीचा जो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला, त्याच्या पहिल्या टप्प्यात पूर्णेच्या खोऱ्यातील ९३२ खारपाणाची गावे मुद्दाम घेतली होती, ती ह्याच कारणासाठी.

ह्याचा परसबागेशी संबंध असा की, इतर जिल्ह्यांसाठी छापलेली परसबाग आपल्या शाळेत जशीच्या तशी लागत नाही. पालक, कोथिंबीर, टोमॅटो असा बारमाही वाफा लिहून दिला आणि हिवाळ्यात त्याला हापशीचे पाणी घातले, तर वाफा करपेल, अनुदान खर्ची पडेल आणि पुढल्या वर्षी साहेब विचारतील, गेल्या वर्षीच्या बागेचे काय झाले? पिण्याचे पाणी शहानूर धरणावरील योजनेतून येते. ते लेकरांच्या तोंडचे पाणी बागेला घालण्याइतके मुबलक नाही. तेव्हा आपली बाग पावसाळी असावी. शाळा जून अखेरीस उघडते, आणि पाऊस पडला की अंबाडी, गवार, चवळी, भेंडी, दोडका, काकडी ही मंडळी विहिरीवाचून येतात. कुंपणाला चार शेवगे लावले तर ते पुढे आपले आपण वाढतात, आणि त्यांच्या शेंगांइतकाच त्यांचा पालाही पौष्टिक आहे. शाळेच्या छपराचे पाणी टाकीत धरले तर ते गोडे पाणी पावसाच्या उघडिपीत उपयोगी पडते. अर्जात पाच हजार रुपये मागावयाचे ते ह्या टाकीच्या नळीसाठी, कुंपणासाठी आणि बियाण्यासाठी मागावेत. घातखेड किंवा दुर्गापूरच्या कृषी विज्ञान केंद्राकडून माती आणि पाणी तपासून त्याचा कागद अर्जास जोडावा. असा अर्ज वाचणाऱ्यास कळते की, ह्या गावाने आपली जमीन ओळखली आहे.

आता ज्वारीचे. भाकर शाळेत द्यावी, असे अनेकजण उत्साहाने म्हणतात. ह्या सभेतील माताभगिनींस मी विचारतो, ८० मुलांस एकेक भाकर करावयाची तर किती वेळ लागेल? योजनेच्या नियमाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक आणि १०० मुलांपर्यंत दोन स्वयंपाकी-मदतनीस असतात. एका भाकरीस दोन मिनिटे धरली तरी एका तव्यावर १६० मिनिटे झाली, आणि वरण-भाजी अजून बाकीच. ज्या दोन बाया अल्प मानधनावर हे काम करतात त्यांच्या पाठीवर आपला उत्साह लादणे न्याय्य नाही. परंतु आपल्याच घरात ह्याचे उत्तर आहे. ज्वारीच्या कण्या! चक्कीवर ज्वारी जाडसर भरडून आणली की ती भाताच्याच भांड्यात, भातासारखीच शिजते. अंबाडीची भाजी करताना तुरीच्या डाळीबरोबर त्याच कण्या आपण घालतो. अंबाडी बागेतली, तूर आणि ज्वारी शेतातली, भांडे शाळेतले. ह्याला नवे यंत्र नको आणि नवा माणूसही नको.

हिशेब करून पाहू. ८० मुले, दर मुलामागे १०० ग्रॅम, आठवड्यातून एक दिवस, म्हणजे ८ किलो. वर्षात असे ३० आठवडे धरले तर २ क्विंटल ४० किलो ज्वारी लागेल. बऱ्या पावसाच्या वर्षी एका एकरात ह्याहून अधिक येते. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा आधारभूत दर क्विंटलला ३,६९९ रुपये होता. त्या दराने ही ज्वारी ८,८७८ रुपयांची झाली. भरडाईचे आणि वाहतुकीचे थोडे वर धरा. एका शाळेतील ८० मुलांस वर्षभर दर आठवड्याला आपल्या मातीतले धान्य खाऊ घालण्याचा हा खर्च आहे. आपल्याकडे एका साध्या बारशाच्या मंडपावर ह्याहून अधिक पैसा जातो, हे मी सांगावयास नको.

परंतु ज्वारी पेरणार कोण, असा प्रश्न शेतकरी बांधव विचारतील, आणि तो रास्त आहे. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली ती उगाच नाही. रोही आणि रानडुकरे उभे पीक खातात, पाखरे कणसावर बसतात, काढणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडतो, आणि एवढे करून बाजारात भाव कसा मिळेल ह्याची शाश्वती नाही. शाळेच्या अडीच क्विंटलने हे प्रश्न सुटतील, असे मी म्हणणार नाही. मात्र पेरणीच्या आधी ज्याचा भाव आणि गिऱ्हाईक ठरले आहे, असे थोडे तरी पीक शेतकऱ्याच्या पदरी असावे, ह्यात त्याचे हित आहे. एक गाव म्हणजे अडीच क्विंटल. तालुक्यातील सगळ्या शाळा धरल्या तर तो आकडा दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

आता अर्जाकडे वळतो. अर्ज करावयाचा तो शाळेने, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही समिती आली. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असतात. आपल्यापैकी अनेकजण ह्या समित्यांवर आहेत. अर्ज केंद्रप्रमुखामार्फत पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे आणि तेथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो. योजनेचा वार्षिक आराखडा आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी बनतो. म्हणून दिवाळीनंतर लगेच ठराव झाला पाहिजे. मे महिन्यात जागे होणाऱ्यास पुढल्या वर्षापर्यंत थांबावे लागते.

अर्जात मागणी दोन गोष्टींची करावी, आधी परवानगीची आणि मग पैशाची. आठवड्यातून एक दिवस तांदळाऐवजी कण्या शिजविण्याची परवानगी लेखी मिळाली पाहिजे, नाहीतर शिल्लक राहिलेल्या तांदळाचा जाब मुख्याध्यापकास द्यावा लागेल. त्यापुढे पाच गोष्टी स्पष्ट लिहाव्या. पटावरील मुले किती आणि त्यांतील सरासरी हजर किती. कोणता जिन्नस, कोणत्या महिन्यात, किती किलो. तो कोणते शेतकरी अथवा कोणता बचत गट देणार आणि भाव कसा ठरणार. आपल्याकडे दर्यापूरच्या बाजार समितीचा त्या दिवसाचा भाव हे साधे माप आहे. वजन कोण करील, नोंद कोण ठेवील आणि बिलावर सह्या कोणाच्या. आणि शेवटी, अनुदान थांबले तर काय.

ह्या शेवटच्या कलमावर मला थोडे बोलावयाचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याने मुलांस आठवड्यातून एक अंडे किंवा केळे देण्याचे ठरविले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी बंद झाला. ही गोष्ट आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने गावच्या शेतातले अन्न शाळेत नेण्यासाठी दरवर्षी ५० लाख डॉलर राखून ठेवले. शाळा, शेतकरी, संस्था ह्यांनी अर्ज करावयाचे आणि त्यांतील निवडक अर्जांस रक्कम मिळावयाची, अशी ती पद्धत. २०२५ च्या मार्चमध्ये त्या वर्षीचे अनुदान एकाएकी रद्द झाले आणि पुढे त्याच वर्षी नव्या रूपात पुन्हा जाहीर झाले. ह्याउलट ब्राझीलने २००९ साली कायदाच केला की, शाळेतील अन्नासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी निदान ३० टक्के पैसा लहान शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च झाला पाहिजे. पुढे हा हिस्सा आणखी वाढविण्यात आला. अर्जाने मिळालेले अनुदान आज आहे तर उद्या नाही, कायद्याने बांधलेली खरेदी मात्र टिकते. आपण आज अर्ज करू, आणि त्या अर्जांच्या अनुभवावर उद्या आपल्या राज्याकडेही तशी तरतूद मागू.

एक धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील जेवणाने २३ मुले दगावली. त्या अन्नात कीटकनाशक गेले होते. आपला मुलूख कपाशीचा आहे. फवारणीचे डबे आपल्या घरोघरी आहेत, आणि धान्यात घालावयाच्या गोळ्या व पावडरीही आहेत. शाळेस द्यावयाचे धान्य वेगळे ठेवलेले, बिनऔषधाचे आणि स्वच्छ पोत्यातले असले पाहिजे. औषधाचा रिकामा डबा कोणत्याही कारणासाठी शाळेच्या स्वयंपाकघरात जाता कामा नये. वाढण्यापूर्वी शिक्षकाने आणि एका पालकाने चव घेण्याचा जो नियम आहे, तो वहीत सही करण्यापुरता न पाळता खरोखर पाळावा. गावचे अन्न आहे म्हणून ते आपोआप निर्धोक होत नाही.

आता आपणांपैकी काहींच्या मनात आलेल्या शंकेकडे येतो. ही ज्ञातीची संस्था आहे. आपला निधी आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मग गावच्या शाळेतील सर्वांच्या ताटाची चिंता आपण का वाहावी?

ह्याला मी वऱ्हाडच्याच भूमीतून उत्तर देतो. पापळ गावी १८९८ साली जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाल्यावरही शेतकरी व त्याचे शिक्षण हे दोन प्रश्न त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत. गाडगेबाबा १८७६ साली शेंडगावचे, आपल्या शेजारच्या आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. जेवायचे ताट मोडावे, भाकर हातावर घेऊन खावी, पण मुलाला शिकवावे, असे ते गावोगाव सांगत. त्यांनी हे एका जातीस सांगितले नाही. तिकडे साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहासाठी मुष्टिफंड उभारला. घरोघरच्या बाया दळण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढीत, आणि त्या मुठींवर नाना जातींची मुले एका पंक्तीत जेवून शिकली. ज्या मुठीतून धान्य आले तिची जात त्या पंक्तीने विचारली नाही.

शाळेच्या पंक्तीचे हेच मोल आहे. तेथे आपले मूल एकटे जेवत नाही. कोणी शिजविले आणि शेजारी कोण बसले, ह्यावरून ज्या देशात कलह झाले आहेत, त्या देशात दररोज दुपारी कोट्यवधी मुले एका भांड्यातले अन्न खातात, हे लहान काम नव्हे. ज्ञातीच्या संस्थेने ह्या पंक्तीत वेगळे ताट मांडू नये. आपल्या संस्थेच्या नावाने अर्ज करू नये, पाटी लावू नये आणि आपल्या मुलांपुरता खाऊ वाटू नये. आपण शेतकरी म्हणून, पालक म्हणून आणि समितीचे सभासद म्हणून ह्या कामात उतरावे. संस्थेची शक्ती अर्ज लिहून देण्यात, हिशेब तपासण्यात आणि अनुदान येईपर्यंतची उसनवारी भागविण्यात वापरावी. ही उसनवारी फार महत्त्वाची आहे. सरकारी पैसा उशिरा येतो, आणि तोवर गरीब शेतकऱ्याच्या ज्वारीचे पैसे अडकले तर पुढल्या वर्षी तो माल देणार नाही.

ह्यास्तव मी संमेलनापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, ज्या ज्या गावी आपले सभासद शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्या त्या गावी दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत परसबागेचा व आठवड्यातून एक दिवस कण्यांचा ठराव मांडावा. दुसरी, संस्थेने शिकलेल्या तरुण-तरुणींपैकी चौघांची एक समिती नेमून मागणाऱ्या कोणत्याही गावास अर्ज व हिशेबाचे नमुने विनामूल्य करून द्यावे, मग त्या गावात आपल्या ज्ञातीचे एकही घर नसो. तिसरी, ज्यांची शेती आहे अशा सभासदांनी पुढल्या खरिपात निदान दोन ओळी तरी ज्वारीच्या पेराव्या आणि त्या धान्यातून मुष्टिफंडाप्रमाणे थोडे धान्य बाजूला ठेवावे, म्हणजे ज्या वर्षी अनुदान येणार नाही त्या वर्षीही शाळेचे भांडे रिकामे राहणार नाही.

ह्या सूचना मोठ्या नाहीत. त्यांनी कोणाचे दारिद्र्य एका वर्षात फिटणार नाही. परंतु खारपाणपट्ट्यातील जे मूल दररोज गावच्या शेतावरून शाळेत जाते, त्याला त्या शेतात आपले जेवण पिकते, हे कळेल. शेती म्हणजे केवळ कर्ज आणि नुकसान, असे जे आपली मुले उठता-बसता ऐकतात, त्या बोलण्याला हे एक छोटेसे, पण रोजच्या अनुभवातले उत्तर होईल. मला वाटते, आपल्या समाजाच्या पुढील पिढीस देण्याजोगे बक्षीस ह्याहून वेगळे शोधावयास नको.

सूचनांवर मतभेद असल्यास ते येथेच मांडावेत, आणि एकमत झाल्यास ते ठरावाच्या रूपाने कागदावर यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.